‘फॉर’ दिसला की ‘हॅव’ लावा, हा नियम आता बंद करा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पुरवणीत इंग्रजी शिकवणारं सदर येतं ते मी नेहमी वाचते, चांगलं असतं, पण मागे त्यात काळ ओळखायची एक युक्ती दिली होती की वाक्यात ‘फॉर’ किंवा ‘सिन्स’ दिसला की डोळे झाकून ‘हॅव’ नाहीतर ‘हॅज’ लावायचा आणि प्रेझेंट परफेक्ट करून मोकळं व्हायचं. ही युक्ती फक्त तुमच्याकडेच आहे असं नाही, गाइडमध्ये आहे, क्लासमध्ये आहे, मोबाईलवरच्या व्हिडिओंमध्ये तर विचारूच नका. मी इंग्रजीच्या शिकवण्या घेते आणि माझ्याकडे येणारी बहुतेक मुलं (आणि नोकरी करणारी मोठी माणसंही) ही युक्ती घोकूनच आलेली असतात, मग ती त्यांच्या डोक्यातून काढण्यात माझा निम्मा वेळ जातो. म्हणून म्हटलं एकदा लिहावंच.

‘सिन्स’ला ही युक्ती बऱ्यापैकी लागू पडते कारण ‘सिन्स’ सुरुवात कुठून झाली ते सांगतो आणि शेवट आपोआप ‘आत्ता’ धरला जातो. (गोष्टीत मागचं सांगताना तिथेही ‘हॅव’चा ‘हॅड’ होतो, पण ते सोडा.) खरी गडबड ‘फॉर’ची आहे. ‘फॉर’ म्हणजे दोरी किती लांब एवढंच सांगणारा शब्द, दोरीचं दुसरं टोक अजून आपल्या हातात आहे की कधीच सुटलंय हे त्याला माहीतच नसतं, ते क्रियापदाने सांगायचं असतं. ‘शी लिव्ह्ड देअर फॉर टेन इयर्स’ म्हणजे दहा वर्षं राहिली आणि सोडलं, आता तिथे नाही. ‘शी हॅज लिव्ह्ड देअर फॉर टेन इयर्स’ म्हणजे अजून तिथेच आहे. ‘फॉर टेन इयर्स’ दोन्हीकडे जसंच्या तसं. मग ‘फॉर’ बघून काळ कसा काय ठरणार?

एक उदाहरण मी मुलांना हमखास देते कारण त्यात तारीख दाखवता येते. ब्रिटनची राणी दुसरी एलिझाबेथ ६ फेब्रुवारी १९५२ ला गादीवर आली आणि ८ सप्टेंबर २०२२ ला गेली. त्या दिवशी सकाळी कुणी वाक्य लिहिलं असतं तर ‘शी हॅज बीन क्वीन फॉर सेव्हंटी इयर्स’ असं लिहिलं असतं, आणि संध्याकाळी बातमी जाहीर झाल्यावर तेच वाक्य ‘शी वॉज क्वीन फॉर सेव्हंटी इयर्स’ झालं. सत्तर वर्षं तीच, ‘फॉर’ तोच, बाई त्याच, बदललं फक्त एवढंच की तो काळ बंद झाला. अवकाशातलंही घ्या, स्कायलॅब हे अमेरिकेचं अवकाश स्थानक १९७३ ला वर गेलं आणि १९७९ ला कोसळलं म्हणून ‘इट स्टेड इन ऑर्बिट फॉर सिक्स इयर्स’, आणि आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात नोव्हेंबर २००० पासून सतत कुणी ना कुणी राहतंय म्हणून तिथे ‘पीपल हॅव लिव्ह्ड देअर फॉर ओव्हर ट्वेंटी इयर्स’. ज्या दिवशी ते स्थानक रिकामं होईल त्या दिवशी तिथला ‘हॅव’ पण जाईल.

म्हणजे विचारायचा प्रश्न एकच, ही गोष्ट अजून चालू आहे का? चालू असेल तर परफेक्ट, संपली असेल तर सिंपल पास्ट. हे सांगायला ‘फॉर बघा हॅव लावा’ पेक्षा दोन शब्द जास्त लागत असतील, पण मुलांना समजतं हो, मुलं काही बुद्दू नसतात.

मुळात आपली माणसं अडखळतात कुठे तेही सदरात यायला हवं. मराठीत चालू असलेली गोष्ट आपण सरळ वर्तमानकाळात सांगतो, ‘मी दहा वर्षांपासून इथे राहतेय’. म्हणून तोंडात पटकन येतं ‘आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स टेन इयर्स’, आणि त्यात दोन चुका एकदम होतात कारण आपलं ‘पासून’ दहा वर्षांनाही लागतं आणि २०१५ लाही लागतं, इंग्रजीत मात्र लांबीला ‘फॉर’ आणि सुरुवातीच्या बिंदूला ‘सिन्स’ असे वेगळे कप्पे आहेत. यात लाजण्यासारखं काही नाही, जर्मन आणि फ्रेंच माणूसपण अशा वेळी आपल्या भाषेत वर्तमानकाळच वापरतो आणि इंग्रजी शिकताना आपल्यासारखाच इथे घसरतो. वेगळी चाल इंग्रजीची आहे, आपली नाही. पण ही चूक दुरुस्त करायला म्हणून जी युक्ती आली ती एवढी जोरात लागू झाली की आता मुलं संपलेल्या गोष्टींनाही ‘हॅव’ लावत सुटलीत.

आणि हा नुसता मार्कांचा प्रश्न असता तर मी पत्र लिहिलं नसतं. डॉक्टरला तुम्ही सांगितलंत ‘आय हॅड फीव्हर फॉर थ्री डेज’ तर डॉक्टर समजणार ताप उतरला, आणि ‘आय हॅव हॅड फीव्हर फॉर थ्री डेज’ म्हटलंत तर समजणार अजून आहे, मग ते थर्मामीटर काढतील. नोकरीच्या अर्जात ‘आय वर्क्ड इन अकाउंट्स फॉर सिक्स इयर्स’ लिहिलं तर वाचणारा विचारणार की सध्या काय करता मग? लग्न झालेल्या माणसाला ‘हाउ लाँग वेअर यू मॅरिड’ विचारून बघा, तो तुमच्याकडे असा बघेल की याला काय कुठून काय कळलंय. तिथे ‘हाउ लाँग हॅव यू बीन मॅरिड’च हवं. आणखी एक गंमत म्हणजे पाहुण्याला ‘हाउ लाँग आर यू हिअर फॉर’ विचारलं तर तो एकूण मुक्काम किती, म्हणजे पुढचे दिवस धरून सांगेल, आणि तुम्हाला विचारायचं असेल की येऊन किती दिवस झाले तर ‘हाउ लाँग हॅव यू बीन हिअर’. आपल्याकडे पहिलं वाक्य दुसऱ्या अर्थाने सर्रास विचारतात आणि समोरचा भलतंच उत्तर देतो.

नकारात तर फरक फारच मोठा आहे आणि त्याबद्दल कुणी काही सांगतच नाही. ‘वी हॅव नॉट टॉक्ड फॉर अ इयर’ म्हणजे वर्ष झालं, अबोला अजून चालू आहे. ‘वी डिड नॉट टॉक फॉर अ इयर’ म्हणजे वर्षभर अबोला होता, मग मिटलं. आता दोन मित्रांबद्दल हे बोलायचं असेल तर काळ चुकला की बातमीच उलटी. माझ्याकडच्या एका मुलीने निबंधात मैत्रिणीशी समेट झाल्याचं छान लिहिलं होतं आणि त्यात मध्येच ‘वी हॅव नॉट टॉक्ड फॉर अ इयर’, कारण काय तर ‘फॉर’ होता ना टीचर. काय बोलणार.

युक्तीचा आणखी एक घोळ सांगते. ‘आय हॅव बॉट धिस फोन फॉर टू इयर्स’. ‘फॉर’ आहे, ‘हॅव’ आहे, युक्तीप्रमाणे वाक्य एकदम पास, पण इंग्रजीत असं कुणी म्हणत नाही कारण विकत घेणं एका क्षणात होतं, ते दोन वर्षं चालत नाही. जवळ असणं चालतं, म्हणून ‘आय हॅव हॅड धिस फोन फॉर टू इयर्स’, नाहीतर मग सरळ ‘आय बॉट इट टू इयर्स अगो’. मरणं, निघून जाणं, सुरू होणं या सगळ्यांचं तसंच, ‘ही हॅज डाइड फॉर टू इयर्स’ होत नाही, ‘ही हॅज बीन डेड फॉर टू इयर्स’ होतं. आणि वाचणं, वाट बघणं असली हाताने-डोळ्याने चालणारी कामं अजून चालू असतील तर ‘बीन’ आणि ‘आयएनजी’वालं रूप जास्त सहज वाटतं, ‘आय हॅव बीन वेटिंग फॉर ॲन अवर’, पण ओळखणं या क्रियापदाला ते चालत नाही, तिथे ‘आय हॅव नोन हर फॉर इयर्स’ एवढंच.

आता कुणी हुशार वाचक म्हणेल की तुमच्याही नियमाला अपवाद आहेच, आणि आहे. ‘आय हॅव लिव्ह्ड अब्रॉड फॉर फाइव्ह इयर्स’ याचा अर्थ पाच वर्षं झाली अजून परदेशातच आहे असाही होतो आणि आयुष्यात कधीतरी पाच वर्षं परदेशात काढलीत, तेवढा अनुभव गाठीशी आहे असाही होऊ शकतो. तेच ‘फॉर फाइव्ह इयर्स’ उचलून वाक्याच्या सुरुवातीला ठेवलं की दुसरा अर्थ जवळजवळ जातो आणि फक्त ‘अजून आहे’ उरतो. पण बघा, दोन्ही अर्थांत बोलणारा आत्ताच्या जागेवर उभा राहूनच मागे बघतोय. हान्स रायशेनबाख नावाच्या तत्त्वज्ञाने १९४७ मध्ये काळांचा हिशोब असाच तीन बिंदूंवर मांडला होता, घटना कधी घडली, आपण बोलतोय कधी, आणि कुठल्या बिंदूवरून बघतोय. सिंपल पास्टमध्ये बघायची जागा तिकडे घटनेपाशी जाते, परफेक्टमध्ये ती इथे बोलणाऱ्यापाशी राहते. शाळेत हे नाव घ्यायची काही गरज नाही, पण फळ्यावर एक आडवी रेघ मारून त्यावर ‘आत्ता’ची खूण केली आणि दहा वर्षांचा पट्टा त्या खुणेला टेकतो की अलीकडेच थांबतो हे दाखवलं की सहावीतलं पोरही बरोबर उत्तर देतं, मी करून बघितलंय.

तर विनंती अशी की त्या सदरात एक दुरुस्ती छापा, आणि ‘रिकाम्या जागा भरा’मध्ये ‘ही डॅश हिअर फॉर फाइव्ह इयर्स’ असलं उघडंबोडकं वाक्य देऊन खाली उत्तरात फक्त ‘हॅज वर्क्ड’ छापू नका, कारण ‘वर्क्ड’ लिहिणाऱ्या मुलाचंही बरोबरच आहे. पुढे फक्त ‘देन ही रिटायर्ड’ किंवा ‘ही लाइक्स द जॉब’ एवढं जोडा, मग एकच उत्तर उरतं.

आपली,
एक वाचक

ता.क. हे वाचून कुणीतरी नक्की लिहिणार की अमेरिकन लोक कुठे वापरतात परफेक्ट, ते सगळीकडे सिंपल पास्टच बोलतात. ते ‘जस्ट’, ‘ऑलरेडी’, ‘येट’च्या बाबतीत खरं आहे, ‘आय ऑलरेडी एट’ तिकडे अगदी नॉर्मल आहे. पण अजून चालू असलेल्या मुदतीला तेही ‘आय हॅव लिव्ह्ड हिअर फॉर टेन इयर्स’च म्हणतात, आणि अमेरिकन माणूस ‘आय लिव्ह्ड हिअर फॉर टेन इयर्स’ म्हणाला तर समजायचं की तो आता तिथे राहत नाही.