अंगणातल्या छोट्या लाइनबद्दल काकांना आभारपत्र

आदरणीय काका,

शि. सा. न. वि. वि.

गेल्या रविवारी आमच्या अंगणातली छोटी आगगाडी पाहायला आलेल्या पाहुण्यांपैकी एकाने "हे सगळे तुम्ही एकट्याने केलेत का?" असे विचारले आणि मी तोंड उघडायच्या आत आपण चहाचा कप घेऊन जांभळाच्या झाडामागे निघून गेलात. आपल्याला कौतुकाचा संकोच वाटतो हे मी जाणतो. परंतु जे काम आपल्या हिशेबावर उभे राहिले, त्याचे श्रेय गप्प बसून पदरात पाडून घेणे माझ्यासारख्या बँकेत हयात घालवलेल्या माणसाला जमणारे नाही, म्हणून हे पत्र आपल्यापुरते न ठेवता सर्वांना वाचता येईल असे लिहीत आहे.

आपण पहिल्यांदा आमच्याकडे आलात तेव्हाची माझी अवस्था आपल्याला आठवत असेल. निवृत्तीच्या पैशातून मी छोट्या आगगाडीचा ४५ मिलिमीटर गेजचा, म्हणजे दोन रुळांमध्ये तेवढे अंतर असलेला, एक जुना संच विकत घेतला होता. त्याची वळणे ६०० मिलिमीटर त्रिज्येची होती आणि इंजिनाला वीज रुळांतून मिळत असे. विक्रेत्याने "पावसापाण्यातही चालते" असे छातीठोकपणे सांगितले होते. गाडी चालत असे हे खरे; पण पावसाळ्यात रोज सकाळी पितळी रुळांवरचा काळपट थर घासून काढल्याशिवाय ती जागची हलत नसे, आणि घासून उठेपर्यंत पुन्हा सर येई. मी आपल्याला बोलावले होते ते विजेच्या जोडण्या तपासण्यासाठी. आपण जोडण्यांकडे पाहिलेदेखील नाही. "तुम्हाला गाडी कोणती हवी आहे?" एवढेच विचारलेत.

मी म्हणालो, घोसीपुऱ्याहून सुटणारी, सुमावली, जौरा, कैलारस करत सबलगढला पोचणारी, टपावर माणसे बसलेली, आपली छोटी लाइन. त्यावर आपण माझ्याच पासबुकाच्या पाठीवर मांडलेला हिशेब मी जपून ठेवला आहे. ग्वाल्हेर ते श्योपूर सुमारे २०० किलोमीटरची ही लाइन २०२० साली बंद पडेपर्यंत ६१० मिलिमीटर, म्हणजे दोन फूट गेजवर धावत होती. माझा संच १:२२.५ प्रमाणाचा, म्हणजे खऱ्या गाडीच्या साडेबावीस पट लहान, होता. ४५ ला २२.५ ने गुणले की सुमारे एक मीटर येतो, म्हणजे ती मुळात मीटरगेजची गाडी. ६१० ला ३२ ने भागले की १९ येतात, आणि एका फुटाला १६ मिलिमीटर हे प्रमाण धरले तर ३२ मिलिमीटरचे गेज बरोबर दोन फुटांचे होते. "आधी गाडी ठरवायची, मग प्रमाण काढायचे, गेज आपोआप समोर येते, तुम्ही उलटे चाललात," असे आपण म्हणालात तेव्हा मला थोडा रागही आला होता, कारण संचाचे पैसे देऊन झालेले होते. मात्र १:१९ या प्रमाणात पाच फूट सात इंचांचा माणूस नऊ सेंटीमीटरचा होतो, आणि दिवाळीच्या किल्ल्यावरचे आमचे मातीचे मावळे जवळजवळ त्याच उंचीचे निघाले. त्यांतले अकराजण सध्या धोतर-सदऱ्याचा रंग चढवून टपावर बसलेले आहेत.

जागेचा निर्णयही आपण कागदावर होऊ दिला नाही. नऊ मीटर बाय चार मीटरच्या अंगणात खुंटी ठोकून, सुतळीने १.२ मीटर त्रिज्येचे अर्धवर्तुळ फक्कीने आखलेत, पाच मीटर सरकून दुसरे आखलेत, आणि आम्हा घरच्यांना त्या रेषेवरून वाळत घातलेले कपडे काढायला जायला लावलेत. कोण कुठे अडखळते ते पाहून मग सगळा फेरा पूर्वेकडून दोन वीत आत सरकवला. साडेसतरा मीटरचा हा फेरा आमच्या सौभाग्यवतींच्या तुळशीवृंदावनाला न लागता जातो, हे केवळ त्या फक्कीमुळे.

जुन्या संचातले रूळ मात्र आपण फेकू दिले नाहीत. ८.४ मिलिमीटर उंचीचा तो रूळ १९ पट मोठा कल्पिला तर सोळा सेंटीमीटरचा होतो आणि छोट्या लाइनचा रूळ एवढा जाडजूड कधीच नव्हता, हे माझ्या डोळ्यांना अजून खटकते. पण नातवाचा पाय पडला तरी तो वाकत नाही, या आपल्या युक्तिवादापुढे माझे काही चालले नाही. सागाच्या तुकड्यांचे स्लीपर कापून झाल्यावर आपण खिशातून गेज तपासायची पितळेची एक पट्टी काढलीत. तिचे एक टोक दोन रुळांच्या मधे सहज बसायला हवे आणि दुसरे मुळीच बसता कामा नये, अशी ती कानशीने घासून आणलेली होती. वळणावर बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा किती लांब लागेल हे मी त्रिज्येवरून काढत बसलो होतो. आपण दोन सुतळ्या टाकून दाखवलेत की वर्तुळ केवढेही असो, पूर्ण फेऱ्यात फरक सुमारे २० सेंटीमीटरचाच राहतो, कारण तो त्रिज्येवर नव्हे, दोन रुळांमधल्या अंतरावर ठरतो.

आणि ती एटीएम कार्डे! जानेवारीच्या सकाळी, बोटे आखडलेली असताना, आपण दर सांध्यात माझी मुदत संपलेली दोन कार्डे एकावर एक ठेवून खुसवत होता आणि रूळ त्यांना टेकल्यावरच खिळा मारू देत होता. पितळ एका अंशाला दर मीटरमागे सुमारे ०.०१९ मिलिमीटर वाढते. जानेवारीच्या दहा अंशांपासून मे महिन्यात उन्हात तापलेल्या रुळाच्या साठ-बासष्ट अंशांपर्यंत दीड मीटरचा तुकडा जवळजवळ दीड मिलिमीटर लांबतो, आणि दोन कार्डांची जाडी नेमकी तेवढीच. हेच काम मे महिन्याच्या दुपारी केले असते तर फट ठेवायचीच नव्हती, हेही आपण बजावून सांगितलेत. पुढच्या उन्हाळ्यात दुपारी दोन वाजता मी मुद्दाम सांधे पाहिले. सगळ्या फटी मिटलेल्या होत्या आणि एकही रूळ फुगलेला नव्हता.

विजेबाबत आपले मत पहिल्या दिवसापासून ठाम होते. इथल्या जयविलास राजवाड्यातल्या भोजनाच्या टेबलावर चांदीची गाडी रुळावर फिरत असे तशी घराच्या छपराखाली रुळांतून वीज देणे ठीक आहे. उघड्या अंगणात चिखल, जांभळाची पडझड आणि खारींचे उद्योग यांच्याशी रोज भांडत बसण्यापेक्षा वीज इंजिनाच्या पोटातच ठेवावी. त्याप्रमाणे तीन लिथियम सेलची ११.१ व्होल्टची बॅटरी, तिच्यावर रक्षक सर्किट, एक फ्यूज, मोटरचा कंट्रोलर आणि हातातल्या ट्रान्समीटरचा इशारा पकडणारा २.४ गिगाहर्ट्झचा रेडिओ रिसीव्हर एवढे सामान इंजिनात बसले. मोटर सुमारे ०.६ अँपिअर घेते, बॅटरी २६०० मिलिअँपिअर-तासांची आहे, त्यामुळे चार तास निश्चिंती असते. रूळ आता केवळ रूळ आहेत. त्यांची चाकाखालची बाजू काळी पडली काय आणि चकचकीत राहिली काय, गाडीला त्याचे सोयरसुतक नाही.

रेडिओच्या बाबतीत मी हट्टाने मोबाइलवरून गाडी चालवायचे म्हणत होतो. आपण वाद घातला नाहीत. मला सकाळी अकराच्या उन्हात उभे केलेत. स्क्रीनवर काही दिसेना, आणि स्क्रीनकडे पाहावे तर गाडी नजरेआड जाई. हातातल्या ट्रान्समीटरचा खटका मात्र न पाहताही अंगठ्याला कळतो. तो सोडल्यावर आपोआप मधे परत येणारा नसावा, जिथे ठेवला तिथेच राहावा, ही आपली अट तेव्हा मला चोखंदळपणाची वाटली होती. वळणावर एका हाताने मांजर हाकलताना तिचे मोल कळले. पत्र्याच्या इंजिनात रिसीव्हर बंद डब्यात ठेवल्यासारखा होतो म्हणून केबिनचे छत आपण प्लास्टिकचे करायला लावलेत आणि अँटेनाचे ३१ मिलिमीटरचे उघडे टोक त्याच्या खाली उभे चिकटवलेत. सर्वांत शेवटी इंजिन उलटे करून, चाके फिरत असताना, आपण ट्रान्समीटर बंद केलात. चाके फिरतच राहिली. "ही गाडी अजून अंगणात सोडायची नाही," म्हणालात, आणि संपर्क तुटताच मोटर थांबेल अशी मांडणी होईपर्यंत खरोखरच सोडू दिली नाहीत. ते दोन आठवडे नातवाने आपल्याशी अबोला धरला होता.

त्याची तक्रार अद्याप एकच आहे की गाडी हळू चालते. खरी गाडी ताशी वीस किलोमीटरच्या आसपास जाई. १९ ने भागून आमचा फेरा एका मिनिटाचा होतो आणि आपण खटक्याला त्याच्यापुढे जाऊ देत नाही. या एका बाबतीत मी आपल्या बाजूने आहे.

बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करायची नाही हा आपला नियम मी कटाक्षाने पाळतो. ग्वाल्हेरच्या मे महिन्यात तेवढा पारा सावलीतही चढतो, म्हणून चार्जर माजघरात फरशीवर ठेवला आहे. यंदाच्या पावसाने पूर्वेकडच्या वळणाखालची खडी वाहून गेली आहे आणि बाहेरचा रूळ बोटभर खचला आहे. दसऱ्यानंतरच्या पहिल्या रविवारी ती भरून घेण्याचा विचार आहे. आपण पितळेची पट्टी घेऊन यावे, आणि या वेळी पाहुणे आले तर झाडामागे जाऊ नये, ही नम्र विनंती.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
अंगणवाला स्टेशनमास्तर
लष्कर, ग्वाल्हेर