बोराएवढी म्हणजे नक्की केवढी?

संपादक साहेब, नमस्कार,

मागच्या आठवड्यातल्या गारांची बातमी तुमच्या पेपरात वाचली. "बोराएवढ्या गारा", खाली तळहातावर गारा धरलेला फोटो आणि कारण काय तर "वातावरणातील बदलामुळे". अहो बोर कुठलं ते तरी सांगा, चण्यामण्या बोर की ॲपल बोर?

मी सहकारनगरला राहते, आमच्याकडे त्या संध्याकाळी साबुदाण्याएवढं काहीतरी पाच मिनिटं पत्र्यावर वाजलं आणि संपलं, आणि नणंद धायरीला असते तिच्याकडे गाडीच्या बॉनेटला खळगे पडले, अंतर सहा-सात किलोमीटर असेल नसेल. तिनं हुशारी करून दोन-तीन गारा डब्यात घालून फ्रीजरमध्ये ठेवल्या होत्या. दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा आधी एक गार दहाच्या नाण्यावर ठेवून बघितली, नाणं पूर्ण झाकलं गेलं (दहाचं नाणं 27 मिलिमीटरचं असतं), मग सुरी गरम करून मधोमध कापली. आत दुधाळ ठिपका, त्याभोवती काचेसारखा थर, परत दुधाळ, परत काच. कांदा चिरल्यासारखं!

या थरांतच सगळी गोष्ट आहे. ढगात वर शून्याच्या खाली, अगदी उणे 15-20 डिग्रीलाही पाण्याचे थेंब न गोठता तसेच तरंगत असतात आणि गारेच्या गाभ्याला टेकले की गोठतात. झटकन गोठले तर हवा आत अडकते म्हणून पांढरं दिसतं, पाणी भरपूर असलं की सावकाश गोठतं, हवा निसटते आणि काच होते. गार जितका वेळ त्या पट्ट्यात राहील तितकी वाढणार, आणि तिला तिथं धरून ठेवतो खालून वर जाणारा वारा. वाटाण्याएवढ्या गारेला हा वारा ताशी 40 किलोमीटरचा पुरतो, नणंदेच्या गारेला 80 च्या आसपास लागला असणार, म्हणजे एक्सप्रेस वेवरची गाडी सरळ आकाशात चाललीय असं समजा. हा जोरकस वारा ढगाच्या थोड्याच भागात असतो म्हणून धायरीला दणका आणि आम्हाला साबुदाणा.

सोसायटीच्या ग्रुपवर सगळ्यांचं ठाम मत, ऊन वाढलं की गारा पडतात. मग एप्रिल-मेमध्ये पारा 39-40 ला चिकटलेला असतो तेव्हा रोज का नाही पडत? नुसत्या उन्हानं भागत नाही, खाली समुद्राकडून आलेली दमट हवा लागते, वर थंड कोरडी हवा लागते, आणि खालचा वारा एकीकडून नि वरचा दुसरीकडून जोरात असला तर ढग तिरका होतो, पाऊस बाजूला पडतो आणि वर चढणारी हवा त्या पावसानं दबत नाही, ढग जास्त वेळ टिकतो. शिवाय उन्हाळ्यात आपल्याकडे शून्य डिग्रीची पातळी साडेचार-पाच किलोमीटर उंच असते, तिथून खाली येताना बारक्या गारा वितळून पाणीच होतात. जुलैत पाऊस एवढा पण गार नाही, कारण पावसाळी ढगात वर चढणारा वाराच मुळात मवाळ असतो. उलट 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये राज्यात गारपिटीनं जे झालं ते शेतकऱ्याच्या घरात अजून कुणी विसरलेलं नाही.

माझं माहेर नारायणगावचं, भावाची द्राक्षबाग आहे, म्हणून मला मापाचं एवढं पडलंय. गारेचा आकार दुप्पट झाला की वजन आठपट होतं, ती पडते पण जास्त वेगानं, त्यामुळे मार साधारण सोळापट बसतो. एक सेंटिमीटरच्या गारेत मणी डागाळतात, दोनच्यात घडच खाली. आणि पेपरात दोन्ही वेळेला "बोराएवढ्या"! अमेरिकेत तर 2010 पासून गार एक इंचाची, म्हणजे आपल्या दहाच्या नाण्यापेक्षा जरा लहान, असेल तर वादळ गंभीर धरतात.

शिवाजीनगरला वेधशाळा, पाषाणला उष्णदेशीय हवामान संस्था, देशाच्या हवामानाचा अभ्यास ज्या गावात चालतो तिथल्या पेपरानं बोर-सुपारी-लिंबावर भागवावं? रडारवर ढग दिसतो, पण जमिनीवर केवढी गार आली ते गल्लीतल्या माणसालाच दिसतं. तेव्हा वाचकांना एवढंच सांगा की गारेशेजारी नाणं किंवा पट्टी ठेवून फोटो पाठवा, सोबत एरिया आणि वेळ लिहा, आणि तुम्ही ते माप छापा. फोटो लगेच काढा म्हणावं, पाच मिनिटांनी सुपारीचं बोर होतं.

नणंदेच्या गारेचा नाण्यासकट फोटो मेलला जोडलाय. कापलेली अर्धी अजून तिच्या फ्रीजरमध्ये आहे, रिपोर्टर पाठवायचा असेल तर गुरुवारच्या आत पाठवा, गुरुवारी तिकडे लाईट जाते.

– एक वाचक, सहकारनगर, पुणे