पास झालेल्या विषयाचा बॅकलॉग : उच्च व तंत्रशिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

सविनय नमस्कार. मी कोल्हापुरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर सायन्स शिकते. आता चौथं वर्ष. सहाव्या सेमिस्टरचा निकाल परवा लागला. त्यात ऐच्छिक विषयापुढे ‘अनुपस्थित’ आणि त्याखाली ‘अनुत्तीर्ण’ असं छापून आलं आहे. त्या विषयाच्या जागी मी ‘स्वयम’ या केंद्र सरकारच्या ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलवरून आयआयटी खरगपूरचा क्लाउड कंप्युटिंगचा १२ आठवड्यांचा कोर्स केला होता. १००० रुपये भरून, केंद्रावर जाऊन परीक्षा दिली आणि पास झाले. त्याचे ३ क्रेडिट (अभ्यासाचे श्रेयांक) माझ्या एबीसी खात्यात, म्हणजे क्रेडिटच्या सरकारी बँकेत, जमा आहेत, डिजिलॉकर उघडलं की दिसतात. म्हणजे केंद्र सरकारच्या लेखी मी पास आहे आणि माझ्या कॉलेजच्या लेखी मी परीक्षेला आलेच नाही.

‘ऐच्छिक विषय स्वयमवरून पूर्ण करता येईल’ अशी नोटीस जानेवारीत विभागाच्या बोर्डवर लागली होती. खाली सही, शिक्का. फोटो माझ्या मोबाईलमध्ये आहे. समकक्ष विषयांची यादी मात्र मे महिन्यात निघाली, आमची परीक्षा होऊन गेल्यावर, आणि त्यात माझा कोर्स नाही. विभागात विचारलं तर परीक्षा विभागाकडे जा म्हणतात. परीक्षा विभाग म्हणतो, विद्वत परिषदेच्या, म्हणजे अभ्यासक्रमाचे निर्णय घेणाऱ्या मंडळाच्या, पुढच्या बैठकीत बघू. बैठक कधी, ते कुणी सांगत नाही. तोवर केटी (राहिलेला विषय) म्हणून फॉर्म भरा, असा सल्ला मिळाला. आयआयटीच्या परीक्षेत पास झालेला विषय मी केटी म्हणून पुन्हा द्यायचा!

कॅम्पसची पहिली कंपनी पुढच्या आठवड्यात येते आहे. अट नेहमीचीच : दहावीपासून ६० टक्के आणि एकही अ‍ॅक्टिव्ह बॅकलॉग, म्हणजे न सुटलेला विषय, नको. दहावी, बारावी, पाच सेमिस्टर, कुठेच माझा विषय राहिलेला नाही. तरी प्लेसमेंटच्या यादीतून माझं नाव काढलं. प्लेसमेंट बघणाऱ्या टीपीओ सरांनी हात जोडले. सिस्टिममध्ये लाल दिसतंय, मी काय करू, म्हणाले. त्यांचा राग नाही मला. राग त्या लाल रंगाचा आहे, कारण तो पुसायचा अधिकार नेमका कुणाकडे आहे हे अख्ख्या कॉलेजात एकालाही सांगता येत नाही.

घरी हे समजावून सांगणं सगळ्यांत अवघड गेलं. आमचं गाव राधानगरी तालुक्यात. थोडा ऊस, दोन म्हशी. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “पास झालीयास न्हवं? मग बसू का देत न्हाईत?” मला उत्तर देता आलं नाही. मग तेच म्हणाले, संस्थेत दूध घालावं, फॅट लावून पावती मिळावी आणि दहा दिवसांनी बिलात ते लिटरच धरू नयेत, तसं झालं की हे. महोदय, आमच्या गावात असं झालं तर डेअरीच्या दारात माणसं जमतात आणि सेक्रेटरीला त्याच दिवशी उत्तर द्यावं लागतं. माझ्या ३ क्रेडिटसाठी मी कुणाच्या दारात उभं राहू?

तो कोर्स कसा केला तेही ऐका. असाइनमेंटची मुदत बुधवारी मध्यरात्रीपर्यंत. आमच्याकडे रेंज फक्त स्लॅबवर, टाकीच्या बाजूला. थंडीत शाल गुंडाळून तिथे बसायचं, मोबाईलच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप जोडायचा आणि लाईट जायच्या आत सबमिट करायचं. १२ पैकी सर्वांत चांगल्या ८ असाइनमेंटचे २५ गुण आणि परीक्षेचे ७५. दोन्हीकडे वेगळं पास व्हावं लागतं. कुणी फुकट दिलेलं सर्टिफिकेट नाही ते. सकाळी सहाच्या एसटीने कोल्हापूर, दिवसभर कॉलेज, प्रॅक्टिकलला ७५ टक्के हजेरी, आणि परत येऊन हे.

आता तुमचे नियम. २०२१ च्या यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नियमांप्रमाणे एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय स्वयमवरून करता येतात. कोणते कोर्स चालतील हे संस्थेने सत्राच्या आधी ठरवून जाहीर करायचं असतं. आधी, परीक्षेनंतर नाही. २०२३ च्या तक्रार निवारण नियमांत समितीला १५ कामाच्या दिवसांची मुदत आहे आणि वर लोकपाल आहे. आमच्या समितीचे सदस्य कोण, हे विचारायलाच मला तीन टेबलं फिरावी लागली. नियम केंद्राचे आहेत म्हणून हात झटकू नका. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण राज्यात लागू केल्याचं श्रेय तुम्ही व्यासपीठावरून घेता. विद्यार्थ्याला हवं ते, हवं तिथून शिकता येईल, असं प्रत्येक भाषणात असतं. मी तुमचं ऐकलं आणि तसं केलं. माझ्या बॅचमधल्या ज्यांनी कॉलेजचाच विषय घेतला, नोट्स पाठ केल्या, पेपर लिहिला, ते आज कॅम्पसला बसतायत. धोरणावर विश्वास ठेवणारी मुलगी बाहेर आहे. पुढच्या वर्षी कोण स्वयमला हात लावेल, सांगा.

आणि हे फक्त क्रेडिटचं नाही. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ झालं. ८४२ अभ्यासक्रमांना. बातमी वाचून आई रडली होती. पण विकास शुल्क त्यात नाही, बसचा पास नाही, मेस नाही आणि ज्या लॅपटॉपशिवाय हे शिक्षणच होत नाही तो लॅपटॉप नाही. ‘शासनाचे पैसे आले नाहीत’ म्हणून कॉलेज आमच्याकडे बघतं, आम्ही शिष्यवृत्तीच्या महाडीबीटी पोर्टलच्या स्क्रीनवर ‘प्रलंबित’ बघतो. मुलींनी शिकावं असं मनापासून वाटत असेल, तर तिला कुणासमोर मान खाली घालून उभं राहावं लागू नये, एवढं तरी बघा.

ज्या राजाच्या नावाने तुम्ही शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती चालवता, त्या राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली इथेच सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला. मुलाला शाळेत न घालणाऱ्या पालकाला महिना १ रुपया दंड होता. हुकूम पाळला जावा म्हणून महाराजांनी तो दंड ठेवला. आज तुमचा नियम न पाळणाऱ्या कॉलेजला काय दंड आहे? यादी चार महिने उशिरा काढली म्हणून कुणाचा पगार कापला गेला? दंड मीच भरते आहे, केटीच्या फीने आणि एका वर्षाने.

२०२४-२५ पासून चांगल्या कॉलेजांची प्रवेशक्षमतेची कमाल मर्यादा एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने, काढून टाकली. कॉम्प्युटरच्या तुकड्या वाढल्या. २० मुलांमागे १ शिक्षक हे प्रमाण कागदावर ठेवून तासिका तत्त्वावरचे सर नेमायचे, ते सेमिस्टरच्या मध्येच पुण्याला नोकरी लागून जायचे, आणि उरलेला सिलॅबस आम्ही यूट्यूबवर बघायचा. त्या सरांना तरी कसं थांबा म्हणायचं? कोल्हापूरच्या आयटी पार्कची चर्चा मी शाळेत असल्यापासून ऐकते आहे. तोवर कोल्हापूरच्या पोरांनी रविवारी रात्री गाडी पकडून पुण्याजवळच्या आयटी कंपन्यांचं हिंजवडी गाठायची. आणि जी मुलगी इथे राहून, घरच्या स्लॅबवर बसून आयआयटीचं शिकते, तिचंच शिक्षण मोजायचं नाही?

माझी मागणी मोठी नाही. विद्यार्थ्याने नोंदणी केली त्या दिवशी कॉलेजची जी नोटीस होती, तीच त्याच्यासाठी बंधनकारक धरा. यादी नंतर बदलली तर तोटा कॉलेजने सोसावा. क्रेडिटचा वाद मिटेपर्यंत निकालात ‘अनुत्तीर्ण’ न छापता ‘निर्णय प्रलंबित’ छापा आणि त्या मुलांना कॅम्पसला बसू द्या. तक्रार समितीची नावं आणि फोन नंबर प्रवेशाच्या दिवशीच आमच्या हातात द्या.

माझा अर्ज कॉलेजच्या आवक नोंदवहीत आहे. त्याला लेखी उत्तर द्यायला सांगा, कंपनी येऊन जायच्या आत. उत्तर ‘नाही’ असलं तरी चालेल, पण त्यावर कारण हवं आणि खाली एका माणसाची सही हवी.

आपली,
कॉम्प्युटर सायन्सची एक विद्यार्थिनी,
कोल्हापूर