आधी छत, मग एसी

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

नकाशा मिळाला, घर छान बसवलंयस. एसी किती टनाचे घ्यायचे आणि थंडीसाठी हीटर कोणता, असं तू विचारलंस. इतकी वर्षं हेच काम करूनही मला ते आज सांगता येणार नाही. छतावर काय घालणार, पश्चिमेची खिडकी केवढी ठेवणार, हे ठरायच्या आत टन सांगणारा माणूस नुसता ठोकताळा सांगत असतो. खोलीचं क्षेत्रफळ बघायचं, आकडा काढायचा आणि वर ‘असू दे थोडा जास्तीचा’. हा जास्तीचाच नडतो. गरजेपेक्षा मोठा एसी खोली झटकन गार करून थांबतो, हवेतला ओलावा काढायला त्याला सवडच मिळत नाही. दमट दिवसांत खोली गार आणि अंग चिकट. १ टन म्हणजे तासाला १२,००० बीटीयू (बीटीयू हे उष्णतेचं माप) उष्णता बाहेर काढायची ताकद, साधारण साडेतीन किलोवॉट. प्रत्येक खोलीत किती उष्णता शिरते याचा हिशेब कागदावर मांडून माग. तोंडी आकडा घेऊ नकोस.

उन्हाळ्यात सगळ्यात जास्त ऊन छत खातं. स्लॅब दिवसभर तापतो आणि ती धग रात्री तुमच्या अंगावर सोडतो. म्हणून उष्णतारोधक थर स्लॅबच्या वरून घाला, त्यावर पांढरा किंवा फिकट पृष्ठभाग. खालून फॉल्स सीलिंग लावून भागवू असं कुणी म्हटलं तर ऐकू नकोस, स्लॅब तापायचा तो तापतोच. दक्षिणेच्या खिडकीला छज्जा पुरतो: उन्हाळ्यातला उंच सूर्य अडतो, हिवाळ्यातला खालचा आत येतो. पश्चिमेला छज्जा कुचकामी, कारण संध्याकाळचं ऊन आडवं येतं. तिथे बाहेरून उभ्या पट्ट्या लाव, नाहीतर खिडकीच लहान कर. आतला पडदा उजेड अडवतो, पण तोवर उष्णता काचेतून आत आलेली असते.

आता थंडीचं. साधा विजेचा हीटर १ युनिट विजेची १ युनिट उष्णता देतो, त्यापलीकडे जाऊच शकत नाही. हीट पंप म्हणजे उलटा चालवलेला एसी. तो बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून आत आणतो, त्यामुळे बेताच्या थंडीत १ युनिटमागे ३ ते ४ युनिट मिळतात. गारठा वाढला की हे प्रमाण घसरतं, बाहेरच्या कॉइलवर (उष्णता ओढणाऱ्या नळ्यांच्या जाळीवर) बर्फ धरतो आणि तो वितळवण्यातही वीज जाते. विक्रेत्याला एवढंच विचार: आमच्याकडच्या सगळ्यात थंड रात्री हे मशीन किती किलोवॉट देईल? उन्हाळा-हिवाळा दोन्ही त्याच्यावर निघत असतील तर वेगळा हीटर कशाला?

फरशीखाली गरम पाण्याच्या नळ्या घालायचं जावयांच्या मनात आहे. त्यांना सांग, कल्पना चांगली आहे. जुन्या रेडिएटरला ६०-७० अंशांचं पाणी लागायचं, इथे ३५-४० पुरतं आणि हीट पंपाला तेच सोसतं. पण फरशी तापायला काही तास लागतात. दिवसभर घराला कुलूप असेल तर मला हे पटत नाही. आणि दमट हवेत त्याच नळ्यांतून गार पाणी फिरवलंत तर फरशीला घाम फुटेल. काहीही ठरवा, फरशी बसायच्या आत ठरवा.

डक्ट, म्हणजे खोल्यांत हवा नेणारे मोठे पाइप, टाकणार असाल तर ते तापलेल्या पोटमाळ्यातून नेऊ नका. एसीच्या पाण्याचा पाइप भिंतीत गाडायच्या आधी त्याचा उतार स्वतः बघ आणि बादलीभर पाणी ओतून घे. गिलावा झाल्यावर कुणी बघत नाही.

एसीचं बाहेरचं युनिट कुठे, ते नकाशात दाखवलेलंच नाही. झोपायच्या खोलीच्या खिडकीखाली नको. त्याला मोकळी हवा हवी आणि साफ करणाऱ्याला उभं राहायला जागा. तेवढं काढून नकाशा पुन्हा पाठव.

तुझे
बाबा