आई-बाबा, बाळाचं नाव रमाच ठेवायचंय

प्रिय आई-बाबा,

काल फोनवर विषय अर्धाच राहिला, बाळ रडायला लागलं आणि मग तुम्ही दोघंही "बघू नंतर" म्हणालात, पण आई तुझा आवाज उतरलेला मला कळला. म्हणून आता ती झोपलीये तोवर सगळं नीट लिहूनच पाठवते. बाबा, मोबाईलवर एवढं लांब वाचू नका, डोळ्यांना त्रास होतो, झेरॉक्सच्या दुकानातून प्रिंट काढून आणा आणि आईलाही मोठ्याने वाचून दाखवा.

आमचं दोघांचं ठरलंय, नाव रमा. बाबा म्हणाले की आजकाल कोण ठेवतं असलं नाव, शाळेत सगळ्या कियारा नि अनाया असतील आणि ही एकटी रमा, मुलं चिडवतील. मला नाही वाटत तसं. दोन अक्षरांचं नाव आहे, कुणालाही म्हणता येतं, आणि इथे बंगळुरूत तर ते परकंही नाही, खालच्या मजल्यावरच्या कन्नड आजींना सांगितलं तर त्या लगेच म्हणाल्या अगं आमच्याकडेही रमा असतात की. एकच अडचण आहे ती इंग्रजीची, राम आणि रमा दोघांचं स्पेलिंग सारखंच होतं, त्यामुळे शेवटी दोन ए लावायचे असं ठरवलंय, जन्मदाखल्यावर तसंच घालू.

नाव लक्ष्मीचं आहे हे तुम्हाला मी काय सांगणार. रम् धातूवरून आलेलं, रमणारी आणि रमवणारी. आणि बाबा, तुमच्या पिढीत रमेश, रमाकांत, रमानाथ किती होते बघा, ही सगळी पुरुषांची नावं रमेच्या आधाराने उभी आहेत, तेव्हा ती कुणाला जुनाट वाटत नव्हती. आजी दिवाळीच्या तोंडावर रमा एकादशी करायची, आश्विन वद्य एकादशी, आणि "आज माझी एकादशी" असं किती कौतुकाने म्हणायची, आठवतंय ना?

पण आई, तुझं म्हणणं वेगळं होतं आणि ते माझ्या मनात राहिलंय. तू म्हणालीस, रमा हे सोसणाऱ्या बायकांचं नाव आहे. पेशव्यांची रमा सती गेली, रानड्यांची रमा विधवा झाली, पंडिता रमाबाईंनी तर सगळीच माणसं गमावली आणि रमाईने पोटची मुलं. हे सगळं खरं आहे, एकही गोष्ट मी नाकारत नाही. पण मी काल रात्री दूध पाजताना एकेकीचा विचार करत होते आणि मला वाटलं की आपण यांच्यावर काय गुदरलं तेवढंच लक्षात ठेवतो, त्यांनी काय केलं ते मागे राहतं.

थेऊरची रमा मात्र मी बाजूला ठेवते. थोरले माधवराव १८ नोव्हेंबर १७७२ ला क्षयाने गेले, अवघे सत्तावीस वर्षांचे, आणि ती त्यांच्यामागे सती गेली. आपण अष्टविनायकाला गेलो तेव्हा तू नदीकाठच्या तिच्या वृंदावनापाशी हात जोडलेस आणि मला म्हणालीस की एवढीशी पोर गं ती. मला तेव्हाही आणि आताही तिच्याबद्दल फक्त वाईट वाटतं, त्यात मला थोर काही दिसत नाही. तिला जगू दिलं असतं तर ती काय झाली असती हे कळायला आपल्याला मार्गच नाही. तिच्यामुळे नाव टाकून द्यायचं असेल तर मग तिच्यावर अन्याय दुसऱ्यांदा होईल असं मला वाटतं.

रानड्यांच्या रमेचं मात्र बघ. ती आपल्याच भागातली, बाबा आपण सागरेश्वरला जायचो तेव्हा ज्या देवराष्ट्र्यावरून जायचो त्या गावची, कुर्लेकरांची मुलगी. तुम्ही दरवेळी सांगायचात की यशवंतराव चव्हाणांचा जन्म इथला, पण रमाबाईंचं कधी सांगितलं नाहीत! माहेरचं नाव यमुना. १८७३ मध्ये अकराव्या वर्षी लग्न झालं, न्यायमूर्ती तेव्हा एकतीस वर्षांचे, पहिली बायको नुकतीच गेलेली, त्यांना खरं तर विधवेशी लग्न करायचं होतं पण वडिलांपुढे त्यांचं चाललं नाही. त्यांना सगळे माधवराव म्हणायचे, मग माधवाची रमा, असं जोडीचं नाव. यमुनेला अक्षरओळखसुद्धा नव्हती, न्यायमूर्तींनी स्वतः शिकवायला सुरुवात केली आणि घरातल्या बायकांनी तिचा छळ मांडला, बोलायच्या नाहीत, टोमणे मारायच्या, म्हणजे दिवसभर स्वयंपाकघरात त्यांच्या हाताखाली राबायचं आणि रात्री नवऱ्यासमोर पाटी घेऊन बसायचं. मधल्या मध्ये पिचून गेली असेल ती पोर, दोन्हीकडची मर्जी राखताना. तरी तिने ना शिकणं सोडलं ना त्या बायकांशी वैर धरलं. मला हे फार अवघड वाटतं आई, मला नसतं जमलं.

१९०१ मध्ये न्यायमूर्ती गेले तेव्हा ती चाळिशीलाही पोचली नव्हती. आपण इथेच थांबतो, विधवा झाली म्हणून. पण तिचं मोठं काम तर त्यानंतरचं आहे. १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू केलं, बायकांना शिकवून त्यांना शिक्षिका आणि नर्स होता यावं म्हणून. नर्सिंग हे तेव्हा चांगल्या घरच्या बाईने करायचं काम मानतच नव्हते, विधवा मुलींना त्यासाठी पाठवायचं म्हणजे घरोघरी जाऊन समजूत घालायची. येरवड्याच्या तुरुंगात जाऊन ती बायका कैद्यांना भेटायची. १९१० मध्ये आठवणी लिहिल्या, त्या तर तुझ्याच कपाटात आहेत, तपकिरी कव्हर घातलेल्या, मी कॉलेजात असताना तिथेच वाचल्या होत्या. माझ्या डिलिव्हरीच्या वेळी ज्या सिस्टरने रात्रभर माझा हात धरला होता ना, तिच्याकडे बघताना मला खरंच या बाईंची आठवण झाली.

आणि पंडिता. बाबा, तुम्हाला त्यांचं धर्मांतर खटकतं हे मला माहितीये, आजोबाही त्यांचं नाव निघालं की गप्प व्हायचे. पण त्या इथल्या आहेत, कर्नाटकातल्या, म्हणून मला आता त्या जास्तच जवळच्या वाटतात. आम्ही कुद्रेमुखला गेलो होतो ना, त्याच डोंगरात गंगामूळ आहे, तुंगा-भद्रेचा उगम, तिथल्या रानात १८५८ मध्ये त्यांचा जन्म. वडील अनंतशास्त्री डोंगरे, त्यांनी बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून लोकांनी त्रास दिला आणि ते घर सोडून रानात राहायला आले, आणि त्या आईने मग पहाटे मुलीला शिकवलं. हे मला सगळ्यात आवडतं, की रमाबाईंची पहिली गुरू त्यांची आई होती. पुढे दुष्काळात आई-वडील गेले, भावाबरोबर पायी देशभर फिरल्या, आणि कलकत्त्याला १८७८ मध्ये तिथल्या विद्वानांनी परीक्षा घेऊन पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. वीस वर्षांची मुलगी! मग भाऊ गेला, लग्न केलं तर दोन वर्षांत नवरा कॉलऱ्याने गेला, कडेवर लहान मुलगी. १८८२ मध्ये पुण्याला आल्या आणि आर्य महिला समाज काढला, त्याच वर्षी सरकारने शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर कमिशनसमोर साक्ष देताना सांगितलं की या देशात बायकांना शिकवायला बाई शिक्षक हव्यात आणि तपासायला बाई डॉक्टर हव्यात. आज आपल्याला यात विशेष वाटत नाही, पण तेव्हा बायका पुरुष डॉक्टरला हात लावू द्यायच्या नाहीत आणि तशाच मरायच्या.

आणि गंमत म्हणजे आर्य महिला समाजाच्या त्या सभांना रानड्यांची रमाही जायची. पुण्यातल्या एका खोलीत दोन रमा, एक चोवीस वर्षांची आणि एक वीस वर्षांची, एक संस्कृतची पंडिता आणि एक घरच्यांचे बोल खाऊन आलेली. मला तिथे एका कोपऱ्यात बसायला मिळालं असतं तर!

पुढचं थोडक्यात सांगते कारण बाळ चुळबुळ करायला लागलंय. १८८३ मध्ये इंग्लंड, तिथे बाप्तिस्मा, मग अमेरिका, १८८६ मध्ये फिलाडेल्फियात आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या त्या समारंभाला या हजर होत्या. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदू, जी पुढे धोंडो केशव कर्व्यांशी लग्न करून आनंदी झाली, आपल्या सगळ्यांच्या बाया कर्वे. मुलींना ख्रिस्ती करतात म्हणून पुण्यात मोठा गदारोळ झाला आणि अनेकांनी मुली काढून नेल्या. पण १८९६-९७ च्या दुष्काळात शेकडो अनाथ मुलींना केडगावला आणून ठेवणाऱ्याही त्याच. शेती, विहिरी, छापखाना, अंधांसाठी शाळा, सगळं बायकांनी चालवलेलं. बाबा, त्यांनी कुठला देव मानला हा त्यांचा प्रश्न, त्या मुली जगल्या ना? मुलीचं नाव त्यांनी मनोरमा ठेवलं होतं, म्हणजे आपलं नाव तिच्या नावात ठेवून दिलं.

रमाईबद्दल लिहिताना मात्र माझाच हात थांबतो. दापोलीजवळचं वणंद, वडील भिकू धुत्रे दाभोळच्या बंदरात माशांच्या टोपल्या वाहायचे, आई-वडील लवकर गेले. लग्न भायखळ्याच्या बाजारात, तेही दिवसाचा बाजार उठल्यावर रात्री, एका कोपऱ्यात नवऱ्याकडची माणसं आणि दुसऱ्या कोपऱ्यात नवरीकडची, बसायला मासळीवाल्यांचे दगडी ओटे आणि पायाखालून गटाराचं पाणी. नऊ वर्षांची नवरी. बाबासाहेब अमेरिकेत, मग लंडनमध्ये शिकत होते तेव्हा घर तिने ओढलं, एकामागून एक मुलं गेली, एक यशवंत तेवढा राहिला. २७ मे १९३५ ला दादरच्या राजगृहात गेली तेव्हा सदतीस वर्षांची होती, आई, माझ्यापेक्षा फार मोठी नाही. बाबासाहेब तिला रामू म्हणायचे, आणि पाकिस्तानच्या प्रश्नावरचं एवढं राजकीय पुस्तक त्यांनी तिच्या स्मृतीला अर्पण केलं, त्यात लिहिलं की तिचं मन चांगलं होतं, उदार होतं, आणि कुणी मित्र नव्हता त्या दिवसांत तिने आपल्याबरोबर सोसलं. आज महाराष्ट्रात गरिबांना घरं देणारी योजना तिच्या नावाने आहे, आणि लाखो लोक तिला आई म्हणतात. याला मी नुसतं सोसणं नाही म्हणू शकत.

आता खरं कारण. आई, तू म्हणालीस की सासूबाईंच्या नावाने पोरीला हाक कशी मारू, जन्मभर ते नाव तोंडातून काढलं नाही. मला माहितीये, पत्ता लिहितानासुद्धा तू ते बाबांना लिहायला सांगायचीस. पण ते नाव आजीचंही मूळचं नव्हतं ना गं. ती माहेरची द्वारका, लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने रमा लिहिलं आणि द्वारका संपली, फक्त तिची बहीण यायची तेव्हा "द्वारके" अशी हाक ऐकू यायची आणि आजी एकदम लहान मुलीसारखी उठायची. आणि तुझ्या लग्नात भटजींनी ताट पुढे केलं तेव्हा आजीनेच सांगितलं ना, की पोरीचं नाव तिचंच राहू दे. हे तूच मला सांगितलंयस, एकदा नाही, कितीतरी वेळा, आणि दरवेळी डोळे पुसलेस. तुमचं दोघींचं पटायचं नाही ते मी पाहिलंय, पण एवढी एक गोष्ट तिने तुझ्यासाठी केली. म्हणून मला वाटतं की आता तू ते नाव घ्यावंस, हाक मारावीस, दंगा केला की ओरडावंस सुद्धा, रमे इकडे ये म्हणून. आजीला राग येणार नाही, मी खात्रीने सांगते.

पाळण्यात दोन नावं ठेवणार आहोत, रमा आणि द्वारका. कागदोपत्री रमा. आणि लग्नात वगैरे हिचं नाव कुणी बदलणार नाही, हे जावयांनीही कबूल केलंय.

बारसं पुढच्या महिन्यात करू, तुम्हाला सोयीची तारीख कळवा म्हणजे तिकिटं काढते, खालचे बर्थ मिळतील असं बघते. कानात नाव माझी नणंद सांगेल, पण पाळणा आई तूच म्हणायचास, मला एकही धड येत नाही. घुगऱ्यांचे हरभरे इथे मिळतात, ते उचलून आणू नका. बाबा, बीपीच्या गोळ्या महिन्याभराच्या घेऊन निघा, इथे तो ब्रँड मिळायला वेळ लागतो. आणि देवघरातला आजीचा फोटो आणता आला तर बघा, छोटा आहे तोच, फ्रेम नको, काच फुटेल.

तुमची,
मनू