काका, चुना अजून चमकत नाहीये

ती. काकांना सा. न. वि. वि.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही ‘अगं, त्यात काय’ म्हणून विषय बदलता. म्हणून आता चारचौघांसमोर लिहितेय. बदला विषय!

लेकीचा शाळेचा प्रकल्प होता, ‘सिंगापूर घडवणारे भारतीय’. तिने चेट्टियार सावकार, बंदरावरचे हमाल वगैरे नेटवरून उतरवून काढले होते. इंग्रजांनी इथे सिंगापुरात आणलेले हिंदुस्थानी कैदी एका ओळीतही नव्हते. मलाच ठाऊक नव्हतं, तिला कुठून असणार? काळं पाणी म्हणजे अंदमान, एवढंच आपलं शाळेतलं. तुम्ही मात्र गणपतीत प्रसादाच्या रांगेत उभ्याउभ्या म्हणालात, ‘अंदमानच्या आधी तेहतीस वर्षं काळं पाणी इथे सुरू झालं होतं.’ आणि पुढच्याच रविवारी गुडघा दुखत असताना सेंट अँड्र्यूज कॅथेड्रलच्या दारात छत्री घेऊन हजर.

नऊ वर्षं मी सिटी हॉल स्टेशनातून बाहेर पडून त्या पांढऱ्या चर्चवरून ऑफिसला जाते. कधी मान वर केली नव्हती. 1824 च्या तहात इंग्रजांनी सुमात्रातलं बेंकूलेन डचांना दिलं आणि तिथले हिंदुस्थानी कैदी 1825 पासून इथे आणले, हे तुम्ही सांगितलंत. बेंकूलेन म्हणजे माझ्यासाठी इथल्या मेट्रोचं स्टेशन! पुढे कलकत्ता, मद्रास आणि आपल्या मुंबईहूनही कैद्यांची गलबतं येत राहिली. ह्या माणसांनी रस्ते काढले, विटा भाजल्या, 1856 ते 1861 मध्ये हे चर्च उभं केलं, मग इस्ताना, म्हणजे आताचं इथल्या राष्ट्राध्यक्षांचं निवासस्थान. त्यांच्यावर पहारा करणारे मुकादमही त्यांच्यातलेच. नीट वागलं तर काही वर्षांनी परवाना मिळे, बाहेर राहून पोट भरता येई. 1873 मध्ये तुरुंग बंद झाला, तेव्हा उरलेल्या जन्मठेपवाल्यांना पुन्हा जहाजात घालून अंदमानला नेलं. ‘दोनदा काळं पाणी?’ लेक म्हणाली. तुम्ही नुसती मान हलवलीत.

पण तिला खरं लागलं ते गोंदण. बंगाल-मद्रासकडच्या जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर गुन्हा गोंदत. 1849 मध्ये ते बंद झालं, पण आधी गोंदलेलं थोडंच पुसलं जाणार? मग पागोटं भुवयांपर्यंत ओढून ही माणसं विटा वाहायची. माझ्या आजीच्या कपाळावर हिरवं गोंदण होतं. लेकीने ते फोटोत पाहिलंय, लहानपणी त्यावर बोट फिरवून ‘टिकली निघत का नाही’ म्हणायची. त्या संध्याकाळी तिने तो फोटो पुन्हा काढला आणि बराच वेळ काही बोलली नाही. तुम्ही घरी गेला होतात तोवर, म्हणून सांगतेय.

आणि तो चुना! चर्चच्या गिलाव्याची कृती तुम्ही तोंडपाठ सांगितलीत: शिंपल्यांचा चुना, अंड्याचा पांढरा बलक, गूळ, आणि नारळाचा काथ्या भिजवलेलं पाणी. ती म्हणाली, ‘करून बघूया.’ दुसरा कोणी असता तर ‘बेटा, अभ्यास कर’ म्हणाला असता. तुम्ही लिटिल इंडियातून पानाच्या चुन्याच्या चार डब्या आणल्यात, तिच्या हातात रबरी मोजे चढवलेत आणि माझ्या ओट्यावर, माझ्याच पुरणाच्या पातेल्यात, तो मळायला बसवलंत. पातेलं गेलं. राग नाही (थोडा आहे). फरशीच्या तुकड्यावर लावलेला पहिला थर दुसऱ्या दिवशी तडकला, तेव्हा आयुष्यभर काँक्रीट ओतलेला माणूस फोनवर हसत म्हणाला, ‘अंडं जास्त झालं असणार. त्यांचंही पहिल्यांदा तडकलं असेलच की.’ लेकीने तुमचं हे वाक्य प्रकल्पाच्या पहिल्या पानावर लिहिलंय. बाईंनी त्याखाली लाल पेनाने प्रश्नचिन्ह काढलं. तिने ते खोडलं नाही.

मार्क बरे मिळाले, पण त्यासाठी हे पत्र नाही. परवा आम्ही बसमधून त्या रस्त्याने जात होतो. शेजारच्या बाकावर लेकीची मैत्रीण. लेक तिला खिडकीतून चर्च दाखवून म्हणाली, ‘हे आमच्याकडच्या लोकांनी बांधलं, त्यांना शिक्षा झाली होती.’ ‘शिक्षा’ म्हणताना आवाज खाली आला नाही, की उगाच वरही गेला नाही. मी परक्या गावात वाढवलेल्या पोरीला हे मला देता आलं नसतं, काका.

दुसरा थर मात्र टिकलाय. ती रोज संध्याकाळी गुळगुळीत गोट्याने फरशीचा तो तुकडा घासते, तुम्ही सांगितलंत तसा. अजून चमक नाही. मध्येमध्ये शंखजिऱ्याची पूड भुरभुरायची म्हणालात, ती इथे कुठे मिळते? दिवाळीची उरलेली रांगोळी चालेल का, असं तिने विचारायला सांगितलंय. रविवारी या, काकूंनाही आणा. पातेलं नवीन घेतलंय, त्याला हात लावायचा नाही.