आमच्या स्पीच थेरपिस्ट ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

समोर आभार मानायला गेलं की "अहो, कामच आहे माझं" म्हणत तुम्ही पुढच्या पेशंटला हाक मारता. म्हणून हे सगळ्यांदेखत.

मोटरसायकलवरून पडल्यावर (हेल्मेट कुठं होतं ते विचारू नका) यांच्या फाइलवर जीसीएस ७ लिहिलं होतं. माणूस कितपत शुद्धीवर आहे त्याचं हे मोजमाप ३ ते १५ चं, ८ किंवा खाली म्हणजे गंभीर, एवढं कळलं आणि सगळं घर त्या सातालाच धरून बसलं. डोळे उघडणं, बोलणं, हालचाल यांचा तो त्या घटकेचा आकडा आहे, पुढचं सगळं त्यावरून ठरत नाही, हे आम्हाला बसवून समजावलंत ते तुम्ही.

हे शुद्धीवर आले, पण शब्द गेले होते. मार मेंदूच्या डाव्या बाजूला. तहान लागली तरी 'पाणी' येईना, माझं नाव येईना. शिव्या मात्र स्वच्छ यायच्या. सासूबाईंना तोंड लपवावंसं व्हायचं. तुम्ही हसलात. ठरवून बोलणं अडलं तरी तोंडात बसलेलं पुष्कळदा शाबूत राहतं, म्हणालात आणि थेट पाढे काढलेत. सांगलीत हळदीच्या अडतीवर हिशेब ठेवणारा माणूस! तुम्ही "बे एके" म्हणालात आणि पुढचं सगळं यांनी धडाधड म्हटलं. मग तुम्ही मध्येच थांबवायचात, राहिलेला आकडा यांनी सुटा म्हणायचा. आकड्यांवरून पोती, पोत्यांवरून भाव, वार, माणसं.

मलाही तुम्हीच शिकवलंत. यांचं वाक्य मी पुरं करायचं नाही. एका वेळी एकच प्रश्न, टीव्ही बंद, आणि थांबायचं. ते थांबणं मला फार जड गेलं. यांनी ताट भिरकावलं तेव्हा नातेवाईक म्हणाले, माणूस बदलला. कपाळामागच्या भागाला इजा झाली की रागाला आवर राहत नाही, हे तुम्ही सांगितलंत. पण सोसत राहा असं नाही म्हणालात. दमलेत का बघा, आणि हात उगारला तर खोलीबाहेर पडा, मला फोन करा. इतकं स्पष्ट आम्हाला दुसरं कुणी बोललं नाही.

"पूर्वीसारखे होतील" असंही तुम्ही कधी म्हणाला नाहीत. तेव्हा त्याचा राग आला होता. आता हे अर्धा दिवस अडतीवर बसतात, भाव वहीत उतरवतात. फोनवर मात्र अजून गोंधळतात.

तुमच्याकडे कुणाची बायको, आई नव्यानं येऊन रडत बसली, तर तिला माझा नंबर द्या. दुपारी दोननंतर, सकाळी इथं सौद्याची गडबड असते.